मन्नत टेकडीची वाट

फाल्गुन सरत आला की एखाद्या सकाळी दार उघडावं आणि मोहाचा वास घरात यावा. आम्ही राहतो मुर्रीला, गोंदियाच्या अगदी कडेला. घरामागं शेतं आहेत आणि शेताच्या बांधावर मोहाची दोन म्हातारी झाडं आहेत. हा वास गोड म्हणावा तर आंबूस असतो, आंबूस म्हणावा तर त्यात भाजलेलं काहीतरी असतं. माझा नवरा नागपूरचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं नाक वर करून विचारलं होतं, "कुठे उंदीर मेलाय का गं?" मी त्याच्याकडे बघतच राहिले. मोहाला उंदीर म्हणणारा माणूस आपल्या नशिबी आलाय, हे पचवायला मला दोन-चार दिवस लागले.

मला धक्का बसायला तसं फार काही लागत नाही. घरात यावरून माझी थट्टा चालते. दुधवाल्यानं दूध पातळ दिलं तरी मी आ वासते, आणि शाळेत सातवीच्या पोरानं पेपरात गंगा नदी गोंदियातून वाहते असं लिहिलं तरी मी लाल पेन हातात धरून सुन्न बसते. "हिला एवढं काय वाटतं कोण जाणे," असं सासूबाई म्हणतात. मला मात्र उलट वाटतं. लोकांना काहीच कसं वाटत नाही, याचाच मला धक्का बसतो.

तर यंदा मोह फुलला आणि नेहमीप्रमाणे पेपर तपासायचा गठ्ठा घरी आला. मोह आणि परीक्षा हे आमच्याकडे एकाच महिन्यात येतात. नवरा सोफ्यावर लोळून फोनवर सुट्टीचा बेत शोधत होता. जंगलाच्या कडेला आता रिसॉर्ट झालेत, पोहायचा तलाव, झोपाळे, सगळं. त्यांच्यापैकीच कुणाचं तरी पान त्यानं उघडलं होतं आणि तो मोठ्यानं वाचत होता: पर्यटकांसाठी निवडक पायवाटा. एक वाट तलावाच्या पाळीवरून, सोपी, लहान मुलांना नेण्याजोगी. एक बांबूच्या बनातून, पक्षी बघणाऱ्यांसाठी. आणि तिसरी, "मन्नत टेकडी". मध्यम अवघड. पायात बूट हवेत, पाणी सोबत घ्या, पहाटे निघालात तर उत्तम. वाटेतल्या नाल्यातून एक दगड उचलून सोबत न्या, वर दगडांच्या ढिगावर ठेवा, मनातली इच्छा पूर्ण होते.

"चल ना, हीच करू," म्हणून त्यानं फोटो माझ्यासमोर धरला. लाल पालवीचा मोह, मागं काळी शिळा आणि मधे दगडांचा ढीग, त्याच्याशेजारी दोन बोटं वर करून हसणारी एक मुलगी.

तो ढीग मी ओळखला. तो माझ्या मामाचा होता.

मामाचं गाव कोहमाऱ्यापासून आत, जंगलाला लागून. नागझिऱ्याच्या हद्दीच्या बाहेरच्या टेकड्यांचा तो पट्टा. मी पाचवीत होते तेव्हाची, म्हणजे नव्याण्णव सालची गोष्ट सांगते. कोहमाऱ्याच्या फाट्यावर वडील मला एसटीतून उतरवायचे, धाब्यापाशी मामा सायकल घेऊन उभा असायचा. दसरथमामा. सायकलीच्या नळीवर मी आणि कॅरिअरला माझं दप्तर. परीक्षा तोंडावर, म्हणून आई दप्तर बांधून द्यायची. ते जसं जायचं तसंच परत यायचं, फक्त पुस्तकांना मोहाचा वास लागलेला असायचा. गणिताच्या पुस्तकाला तर पुढं पावसाळ्यापर्यंत तो वास होता.

मोह वेचायला पहाटेच निघावं लागतं. फुलं रात्रभर गळतात, उजाडताना झाडाखाली पांढरी-पिवळी पसरण झालेली असते आणि ऊन चढलं की ती मऊ पडतात, मुंग्या लागतात. प्रत्येक घराची आपापली झाडं ठरलेली असतात. कागदावर जंगल सरकारचं, पण कुठला मोह कुणाचा हे लहान पोरालाही ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नाही. मामाचं झाड टेकडीच्या माथ्यावर होतं. घरामागून वाट निघायची, नाला ओलांडायचा, मग साजाच्या झाडांतून चढ. नाल्यात तेव्हा पाण्याचा नुसता एक पट्टा उरलेला असायचा, आणि त्यात पाय बुडवला की झोप खाडकन उडायची.

मोह अस्वलालाही आवडतो, माणसापेक्षा जास्तच. म्हणून त्या वाटेनं गप्प चालायचं नाही. सगळे मोठमोठ्यानं बोलत जायचे. कुणी उगाच खोकायचं, कुणी डबा वाजवायचं. मामा सरळ अस्वलाशीच बोलायचा. "आलो गा बाबा आमी. तुहा खाऊन झाला असन त सरक आता. आमच्या वाट्याचा आमाले राहू दे." मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. मामी मागून म्हणायची, "घरी येवढा बोलत जा म्हना कधी." अंधारात सगळे हसायचे. हातात टोपल्या, अंगावर जुने सदरे, आणि पुढं कुठंतरी झाडावरून फूल पडल्याचा टप्प असा आवाज.

वर पोचलं की मी आधी चार फुलं तोंडात टाकायचे. ताजं मोहाचं फूल दाताखाली फुटतं, गोड पाणी घशात जातं आणि मग जीभ जराशी जड होते. मामा म्हणायचा, आता तुह्या परीक्षेत सारे प्रश्न डब्बल दिसन. घरी आल्यावर अंगणात चटया टाकून फुलं वाळत घालायची. दोन दिवसांत ती तपकिरी, मनुक्यासारखी होतात. मग तीळ घालून लाडू. जयंतीच्या आत मोह आटपायचा, जयंतीला नवे कपडे, निळे झेंडे, गावभर मिरवणूक. मामाच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, एवढंच. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी देव, ताईत, नवस सगळं घराबाहेर काढलं होतं आणि ते पुन्हा कुणी आत आणलं नाही. आईच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की दीक्षेला मी स्वतः हजर होते असं मला वाटतं.

त्या वर्षी एका सकाळी मामी मला म्हणाली, आज घरी बस, पुस्तक उघड, नाही तर तुही माय मले बोलन. मामाची लेक मनीषा तेव्हा दूधपिती होती. तिला माझ्या मांडीवर देऊन मामी चुलीशी बसली आणि मामा शेजाऱ्यांसोबत गेला. म्हणजे निघाला सोबतच, पण चढावर तो पुढं गेला. पुढं गेला म्हणजे तो त्याच्या त्या गप्पा मारतच गेला असणार. बाकीच्यांनी त्याचा आवाज ऐकला, आणि मग तो ऐकू येईनासा झाला.

त्याला खाटेवर घालून आणलं. वरून धोतर टाकलं होतं. धोतराबाहेर पाय होते आणि एका पायात चप्पल होती. बाकी माझ्या डोळ्यांसमोर काही नाही. लोक अंगणात वाळत घातलेल्या मोहावरून चालत गेले आणि फुलं त्यांच्या तळव्यांना चिकटली, हे तेवढं दिसतं. मला रडू आलं नाही. मी मनीषाला धरून उभी होते आणि माझं तोंड उघडंच राहिलं होतं. कुणीतरी येऊन माझी हनुवटी वर करून ते मिटलं.

पण खरा धक्का मला नंतर बसला. दोन-चार दिवसच झाले असतील. आई अजून तिथंच होती, घरात पाहुणे होते. पहाटे जाग आली तर मामी टोपली घेऊन निघाली होती. त्याच वाटेनं, त्याच झाडाकडं. आईनं दार अडवलं. "अवो, काऊन जाऊन राहिली तू तिकडं?" मामीनं टोपली कमरेवर घेतली. "मोव कोनासाठी थांबते का? गरून राहिला ना तो," म्हणाली. आणि गेली. मी त्या वयात मामीचा फार राग राग केला. आज माझ्या लक्षात येतं की मोह वर्षातून तेवढेच दिवस गळतो आणि तिच्या घरात मांडीवरचं पोर होतं. समजलं तरी धक्का काही ओसरत नाही.

ती वर गेली तेव्हा ढीग सुरू झालेला होता. त्या भागात हा रिवाज आहे. रानात जनावरानं माणूस मारला की त्या जागी वाटसरूनं दगड ठेवायचा. जागेवरचा दगड चालत नाही, खालून, नाल्यातून उचलून, हातात धरून वर न्यायचा. तेवढी वाट माणूस त्या मेलेल्याला हातात घेऊन चालतो. आणि घरच्यांनी ठेवायचा नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या गोंडानं मामीला हे समजावून सांगितलं होतं. "घरचे त आठवन करतेच. रस्त्यावरचा मानूस आठवन करन तवा तो मानूस रानात एकटा नाही रायत." मामीनं एवढंच विचारलं होतं की यात पूजाबिजा काही नाही ना. नाही म्हटल्यावर तिनं मान हलवली.

पुढची कितीतरी वर्षं मोहाच्या दिवसांत मी गेले की तो ढीग वाढलेला असायचा. माझ्या गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. लाकूडफाट्याला जाणारे, तेंदूपत्त्याचे, गुराखी, पलीकडच्या गावाला सोयरिकीला जाणारे, सगळे एकेक दगड ठेवून जायचे. आम्ही घरचे मात्र नुसते बाजूनं जायचो. मामी ढिगाकडे बघायचीसुद्धा नाही, पण खाली आल्यावर शेजारणीला विचारायची, तुमी ठेवला का आज?

मग पलीकडच्या गावाला डांबरी रस्ता झाला. घरोघरी सिलिंडर आले. पोरं नागपूरला, पुण्याला कामाला गेली. आत वाघांचं जंगल म्हणून नियम कडक झाले आणि या बाजूला यायचं लोकांनी उगाच सोडलं. वाटेवर गवत चढलं. एका उन्हाळ्यात मी गेले तर ढिगावर साजाची पानं साचली होती, आणि एका बाजूचे दगड रानडुकरांनी उकरून घरंगळवले होते. मामीला मी ते सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं. ती ओसरीत बसून वाटेच्या तोंडाकडे बघायची आणि कुणीही दिसलं की हाक मारायची, "कुठं जाऊन राहिले गा? टेकडीवरून जा ना, जवर पडते." जवळ पडत नव्हतं ते. ज्या बाईनं नवऱ्यामागं कुणापुढं हात पसरला नाही, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट वाकडी करायला सांगत होती. लोक हसून डांबरी रस्त्यानं जायचे.

आणि आता हे. मन्नत टेकडी, म्हणे!

नवऱ्याला मी सांगितलं, चल, हीच वाट करू. माझा आवाज ऐकून त्यानं लगेच दोघांची नावं नोंदवली. मला रिसॉर्टवाल्याला गाठायचं होतं. माणूस मेल्याच्या जागेचा तमाशा करतात, आणि तोही नवसाचा! तोंडात शब्द तयार ठेवून मी सुट्टीच्या दिवशी पहाटे नवऱ्यासोबत त्यांच्या गेटपाशी उभी राहिले. पाठीला पिशव्या अडकवलेली नागपूरची, रायपूरची माणसं जमली. आणि खाकी टोपी घालून त्यांना न्यायला आली ती मनीषा. माझी मामेबहीण. तिनं मला पाहिलं. मग शिट्टी वाजवून म्हणाली, "चलिए, सब लोग मेरे पीछे."

ती रिसॉर्टवर कामाला लागली, एवढंच मला कळवलं होतं. मला वाटलं होतं, स्वागताला बसत असेल.

नाल्यापाशी तिनं सगळ्यांना थांबवलं. "यहाँ से एक-एक पत्थर उठा लीजिए. ऊपर का पत्थर नहीं चलता. और हाथ में ही रखना है, बैग में नहीं." रिवाज जसाच्या तसा होता. एक अक्षर चुकलं नव्हतं. म्हणजे हे कुणा बाहेरच्यानं रचलेलं नव्हतं. लोक दगड निवडत होते, गुळगुळीत बघत होते, एकमेकांना दाखवत होते. चढावर मोहाचा वास दाटून आला आणि कुणीतरी विचारलं, ये स्मेल किसका है? मनीषा मोहाबद्दल बोलत राहिली, छान बोलली, फुलं चाखायला दिली.

माथ्यावर तो ढीग माझ्या खांद्यापर्यंत आला होता. पानं झाडलेली, कडेचे दगड नीट रचलेले. "आँख बंद करके माँगिए," मनीषा म्हणाली. "किसी को बताना नहीं." एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, "सच में होता है क्या?" ती हसली. "सच्चे मन से माँगो तो होता है, भैया." आणि एकामागून एक माणसं पुढं झाली, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि तिच्या बापावर दगड ठेवले. ती बाजूला उभी राहून त्यांचे फोटो काढून देत होती. माझ्या तोंडातले सगळे तयार शब्द कुठं गेले कुणास ठाऊक.

उतरताना मी तिचा हात धरला. "मनीषा, तो तुझा बाप आहे."

"माहीत आहे मले, ताई," ती म्हणाली. हात सोडवून घेतला नाही तिनं. "मायले इचार."

नवऱ्याला घेऊन मी तशीच मामाच्या घरी गेले. मामी अंगणात मोह वाळत घालत होती. मला वाटलं होतं तिला काही माहीत नसेल, मला ते हलक्या हातानं सांगावं लागेल. मी "मन्नत" शब्द उच्चारला आणि ती चटईवरचं फूल पालटत म्हणाली, "मीच सांगतलो तिले, असा सांग म्हनून."

मी ओसरीत बसले.

"पयल्या येळी खराच सांगतली तिनं," मामी म्हणाली. "येथं माह्या बापाले अस्वलानं मारलन, म्हनून. लोक आयकले अना मांगं सरकले. एक बाई त रडाले लागली. हातातले दगडबी टाकून देल्ले. मंग सायब म्हने का हा रस्ता बंद करून टाकू, लोकाईले भेव लागते. बंद झाला असता त कोन गेला असता वर? खऱ्यानं दगड नाही पडत वो बाई."

"पण मामी, नवस? आपल्या घरात?"

तिचे हात थांबले. हे तिला लागलं, ते मला दिसलं. "तुह्या आजोबाईनं देव काहाडले घरातून, मी आनलो, असाच ना?" ती म्हणाली. "मी त्याले देव नाही म्हनलो. मी निस्ता दगड ठेवाले लावलो. ज्यानं त्यानं आपल्या मनानं मांगाव." मग चटईवरचं फूल पालटत, "लेकीले रोज खोटा बोलाव लागते, ते मले दिसत नाही का? पन ती म्हनते, माय, मी बाबाले पायलोच नाही. अशी त रोज भेट होते."

नवरा दारात उभा होता, तो हळूच बाहेर वाटेकडे निघून गेला. एखाद्या बाईनं इतकं साधं, इतकं भयंकर काही करावं आणि पुन्हा मोह पालटायला लागावं. अजाण माणसांच्या हातांनी ती आपल्या नवऱ्याची आठवण वर पाठवत होती आणि त्या माणसांना पत्ताही नव्हता. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं.

मामीनं पाणी आणून दिलं, लाडू दिला. मग माझ्याजवळ सरकून बसली. "एक सांगू का?" म्हणाली. मागच्या साली नागपूरकडचं एक जोडपं आलं होतं, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. दगड ठेवून गेले. यंदा होळीच्या आधी ते परत आले, कडेवर पोरगी घेऊन. ढिगासमोर तिला ठेवली, पेढे ठेवले. मनीषानं त्यांना पाणी प्यायला घरी आणलं तर त्या बाईनं ती पोरगी मामीच्या मांडीवर दिली आणि म्हणाली, माँजी, आपकी पहाड़ी ने दी है.

"मी काय बोलू वो तिले?" मामी म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "मी त मनानंच सांगतलो होतो, ह्या ओसरीत बसून. अना हे पोट्टी माह्या मांडीवर! माह्या हातापायातला जीवच गेला." आणि मग तिला हसू फुटलं. "तुह्या मामाले हरपलेली गाय सापडे नाही कधी. शोधाले जाये अना दुसऱ्याचीच घेऊन ये. अना आता लोकाईले लेकरं देऊन राहिला."

आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता मामी थांबली. अंगणात कुणी नाही ना, हे तिनं बघून घेतलं. मग तोंड माझ्या कानाशी आणून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"काऊन वो, तू शिकलेली आहेस. खरंच देत असन का तो?"

मी शाळेत दरवर्षी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. मामी माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.